आईने मागे ठेवलेली वही

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थ अँडोव्हर नावाचे गाव आहे. त्या गावच्या वाचनालयाच्या मालकीची आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली एक छोटी वही आहे. ती हातात सहज मावेल एवढीच आहे. तिच्या पहिल्या भागात एका आईचे हस्ताक्षर आहे. पुढच्या भागात तिच्या मुलाचे. आईने आपल्या हाताने सत्त्याहत्तर लहान लहान गद्य चिंतने लिहिली आणि एक कविता लिहिली. ती गेल्यानंतर तिच्या कागदपत्रांत मुलांसाठी लिहून ठेवलेला आणखी मजकूर सापडला. मुलाने तो त्याच वहीत उतरवून घेतला आणि ही आपल्या मातोश्रींनी मागे ठेवलेल्या मजकुराची खरी नक्कल असल्याची नोंद केली. जुन्या मराठी घरांतून अभंग, पदे आणि आरत्या उतरवून ठेवलेल्या अशा वह्यांना बाड म्हणत असत. हे बाड मात्र सतराव्या शतकातील एका प्युरिटन ख्रिस्ती गृहिणीचे आहे. तिचे नाव अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट.

इंग्रजी वसाहतींच्या अमेरिकेत ज्यांची काव्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, अशा कवींत पहिला मान या स्त्रीकडे जातो. परंतु ज्या पुस्तकामुळे तिला हा मान मिळाला ते पुस्तक तिला न विचारता छापले गेले होते; आणि जे लेखन तिने स्वतःच्या इच्छेने, कोणासाठी लिहितो आहोत हे पक्के ठाऊक असताना केले, ते तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षे कुटुंबाच्या पेटीतच राहिले. एकाच बाईच्या लेखनाच्या या दोन वाटा का झाल्या, हा प्रश्न तिच्या चरित्राच्या मुळाशी आहे.

अर्लचा वाडा आणि नवा किनारा

अ‍ॅनचा जन्म १६१२ साली इंग्लंडात झाला. तिचे वडील थॉमस डडली हे लिंकनच्या अर्लचे कारभारी होते. कर्जात बुडालेली अर्लची जहागीर त्यांनी हिशेबी कारभाराने सावरली, अशी त्यांची ख्याती होती. कारभाऱ्याच्या मुलीला अर्लच्या वाड्यातील समृद्ध ग्रंथसंग्रह खुला होता, आणि मुलीने वाचावे असे वाटणारा पिता लाभला होता. त्या काळच्या मुलींच्या नशिबी यांपैकी एकही गोष्ट सहसा नसे. इतिहास, निसर्गविज्ञान, शरीरशास्त्र आणि बायबल असे तिचे वाचन चौफेर होते. सोळाव्या वर्षी तिला देवी आल्या. त्यातून ती वाचली आणि त्याच सुमारास वडिलांचा मदतनीस व केंब्रिजचा पदवीधर सायमन ब्रॅडस्ट्रीट याच्याशी तिचा विवाह झाला.

इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधील कर्मकांड आणि धर्माधिकाऱ्यांची उतरंड प्युरिटन पंथीयांना मान्य नव्हती. राजा पहिला चार्ल्स याच्या अमदानीत त्यांचा छळ वाढू लागला. १६२९ मध्ये त्यांच्यापैकी काही सधन व सुशिक्षित मंडळींनी मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची सनद मिळवली आणि ती सनद बरोबर घेऊनच समुद्रापलीकडे जायचे ठरवले. व्यापारी कंपनीचे भागधारक अशा रीतीने एका वसाहतीचे राज्यकर्ते झाले. १६३० च्या वसंतात त्यांचे ‘आर्बेला’ जहाज निघाले आणि जूनमध्ये सेलमच्या किनाऱ्याला लागले. त्या जहाजावर डडली कुटुंब होते, सायमन होता आणि अठरा वर्षांची अ‍ॅन होती.

नव्या देशाने त्यांचे स्वागत केले ते उपासमारीने आणि रोगाने. पहिल्या काही महिन्यांतच सुमारे दोनशे माणसे दगावली. ज्या कुलीन स्त्रीच्या नावावरून जहाजाला नाव मिळाले होते, ती लेडी आर्बेलाही त्यांतच गेली. डडलीने लिंकनच्या अर्लच्या पत्नीला पहिल्या हिवाळ्याची हकीकत कळवली ती शेकोटीजवळ बसून, मांडीवर कागद ठेवून. कारण घरात टेबल नव्हते. अर्लच्या वाड्यातील ग्रंथालयापासून हे अंतर केवळ सागराचे नव्हते. आपण या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा येथील जग आणि येथील रीत पाहून आपल्या मनाने बंड केले होते, अशी कबुली अ‍ॅनने पुढे मुलांजवळ दिली आहे. ही देवाचीच वाट आहे अशी खात्री पटल्यावर ती नमली आणि बोस्टनच्या चर्चची सभासद झाली. तिच्या भक्तीत हा आधीचा नकार आणि नंतरचा स्वीकार अखेरपर्यंत बरोबरीने नांदताना दिसतो.

त्यानंतरची पंधरा वर्षे बिऱ्हाड हलवण्यात गेली. चार्ल्सटाउन, केंब्रिज, इप्सविच आणि १६४५ च्या सुमारास अँडोव्हर अशी ही वाटचाल होती. बरीच वर्षे मूल झाले नाही म्हणून ती झुरली. मग आठ मुले झाली. पती वसाहतीच्या कारभारात गुंतलेला असल्याने वारंवार परगावी असे. शेत, गुरे, नोकरचाकर, आजारपणे, मुलांचे शिक्षण या सर्वांचा भार अ‍ॅनवर होता. तिची स्वतःची प्रकृती कधीच धड नव्हती. तिची ज्ञात असलेली पहिली कविता १६३२ सालची, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आलेल्या आजारपणावरची आहे.

परवानगीवाचून छापलेले पुस्तक

त्या समाजात बोलणाऱ्या स्त्रीचे काय होत असे, याची उदाहरणे अ‍ॅनच्या अगदी जवळ होती. अ‍ॅन हचिन्सन ही बुद्धिमान स्त्री स्वतःच्या घरी धर्मचर्चेच्या बैठका भरवी. १६३७ मध्ये तिच्यावर खटला झाला आणि तिला वसाहतीबाहेर घालवण्यात आले. न्यायासनावर बसलेल्यांत अ‍ॅनचे वडील होते आणि पतीही होता. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने १६४५ साली आपल्या रोजनिशीत एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या पत्नीची हकीकत नोंदवली आहे. त्या बाईला वेड लागले याचे कारण त्याच्या मते एवढेच, की बायकांचे काम सोडून ती वाचनलेखनाच्या नादी लागली. अ‍ॅनची सख्खी बहीण सारा हिने धर्मोपदेश करण्याचे धाडस केले, तेव्हा १६४७ मध्ये बोस्टनच्या चर्चने तिला बहिष्कृत केले. अशा वातावरणात अ‍ॅन लिहीत होती. तिला आडकाठी झाली नाही, कारण तिचे लेखन घराच्या चार भिंतींत होते आणि त्या भिंती वसाहतीतील सर्वांत प्रतिष्ठित घराण्याच्या होत्या.

तिचा मेहुणा जॉन वुडब्रिज हा अँडोव्हरचा पहिला धर्मोपदेशक. १६४७ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा अ‍ॅनच्या कवितांची एक प्रत त्याच्यापाशी होती. १६५० साली लंडनमध्ये त्याने त्या छापून टाकल्या. पुस्तकाच्या नावात तिला अमेरिकेत अवतरलेली दहावी काव्यदेवता ठरवले होते. मुखपृष्ठावर तिचे नाव मात्र नव्हते. त्या देशातील एक कुलीन स्त्री एवढाच उल्लेख होता. हे पुस्तक खपले. १६५८ च्या सुमारास निघालेल्या, इंग्लंडात चांगल्या खपणाऱ्या पुस्तकांच्या सूचीत त्याचा समावेश आहे.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत वुडब्रिजने वाचकांना एक हमी दिली. या कविता घरकामात कसूर करून लिहिलेल्या नाहीत. झोपेतून आणि विश्रांतीतून काढलेल्या थोड्या घटकांचे हे फळ आहे, अशी ती हमी होती. त्याच्या दृष्टीने हा लेखिकेच्या सद्गुणाचा पुरावा होता. आजच्या वाचकाला तोच मजकूर एखाद्या ताळेबंदासारखा वाटतो. दिवसाचे सर्व तास कुटुंबाच्या खाती जमा होते; कवितेच्या खाती पडली ती फक्त झोप. स्त्रीच्या घरकामाचे मूल्य कोणत्याही हिशेबवहीत न धरणाऱ्या समाजाने तिच्या कवितेची किंमत मात्र त्या कामातून वजाबाकी झाली की नाही, यावरून ठरवली.

पुस्तकातील विषय होते चार महाभूते, शरीरातील चार दोष, मानवी आयुष्याच्या चार अवस्था, चार ऋतू आणि प्राचीन जगातील चार साम्राज्ये. ही विद्वत्तेची कविता होती. ती लिहिणारी स्त्री पुरुषांच्या पंक्तीला बसू शकते हे त्यातून सिद्ध होत होते. पण ती स्त्री कोण, हे कळत नव्हते. छापील प्रत हाती आल्यावर अ‍ॅन संकोचली. आपले पुस्तक म्हणजे फाटक्या कपड्यांत लोकांपुढे नेलेले अजाण लेकरू आहे, अशी कल्पना करून तिने त्यावरच एक मार्मिक कविता लिहिली आणि मजकूर सुधारण्याचे काम हाती घेतले. त्यानंतर ती साम्राज्यांकडून घराकडे वळली. पतीवरील प्रेमकविता, बाळंतपणातील मृत्यूचे भय, नातवंडांचे वियोग हे तिचे विषय झाले. यांतील बऱ्याच कविता तिच्या मृत्यूनंतर १६७८ मध्ये बोस्टनला निघालेल्या आवृत्तीत आल्या. वहीतील कविता मात्र तेथेही आल्या नाहीत.

संशयाची कबुली

या वहीत काय आहे? आरंभीची गद्य चिंतने तिने १६६४ च्या मार्चमध्ये मुलगा सायमन याला अर्पण केली. त्यांतील दृष्टान्त स्वयंपाकघरातले, शेतातले आणि तान्ह्या मुलांच्या संगोपनातले आहेत. पीठ दळणे, मूल अंगावरून तोडणे, शेताची मशागत अशा रोजच्या अनुभवांतून ती ईश्वरी न्यायाचा अर्थ लावते. पुढील भागात मुलांना उद्देशून लिहिलेले आत्मनिवेदन आहे आणि त्याच्या जोडीला तारीखवार प्रार्थना व कविता आहेत. १६५६ आणि १६५७ मधील तापाची, घेरीची, अशक्तपणाची आजारपणे. मुलगा सॅम्युअल इंग्लंडला निघाला आणि पुढे सुखरूप परतला तो प्रसंग. मुलीचे दुखणे आणि तिला पडलेला आराम. असे प्रत्येक प्रसंगी केलेले मागणे आणि मागून मानलेले आभार तिने नोंदवले. यांपैकी अनेक कविता चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या स्तोत्रांच्या साध्या छंदात आहेत.

१६६२ च्या आरंभी पतीला इंग्लंडला जावे लागले. प्युरिटनांनी ज्या राजाचा शिरच्छेद केला होता त्याचा मुलगा आता गादीवर आला होता, आणि वसाहतीची सनद टिकवण्यासाठी त्याच्या दरबारी रदबदली करायची होती. कामगिरी धोक्याची होती. अ‍ॅनच्या वहीत या राजकारणाचा उल्लेख ओझरताच आहे. आहे ती मुख्यतः त्याला सुखरूप परत आणण्याची देवाला केलेली विनवणी आणि सप्टेंबरात तो परतल्यावर फेडलेले आभाराचे ऋण. वसाहतीच्या इतिहासग्रंथांत या कामगिरीला पाने दिलेली असतात. त्याच कामगिरीची दुसरी बाजू, म्हणजे मागे राहिलेल्या माणसांचे ते महिने, या वहीतच सापडते.

या सर्व कविता सारख्याच मोलाच्या आहेत असे म्हणता येणार नाही. आजार हा देवाने केलेला दंड, बरे होणे ही त्याची कृपा, हा साचा वारंवार येतो आणि वाचकाला त्याचा शीण येऊ शकतो. परंतु मुलांसाठी लिहिलेल्या आत्मनिवेदनात अशी काही वाक्ये आहेत, की ती वाचताना आजही थबकावे लागते. देव आहे तरी की नाही, असा संशय आपल्याला अनेकदा आला, असे ही प्युरिटन माता आपल्या मुलांना सांगते. सृष्टीची रचना पाहून तो संशय फिटला. पण मग हाच देव कशावरून, बायबल खरे कशावरून, आणि तेही मानले तर रोमन कॅथलिकांचा मार्ग चूक आणि आपलाच बरोबर हे कशावरून, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. देव तोच, ख्रिस्त तोच, ग्रंथ तोच. फरक केवळ अर्थ लावण्यात. ज्या वसाहतीत मतभेदाला हद्दपारीची शिक्षा होती, जिच्या न्यायासनावर घरचीच माणसे बसत होती, तेथे हे शब्द लिहिले गेले. ते चव्हाट्यावर बोलले गेले असते, तर सारावर जो प्रसंग आला त्याहून वेगळा प्रसंग अ‍ॅनवर खचित आला नसता.

तिची श्रद्धा अखेर टिकली. पण मुलांना तिने दिली ती तयार श्रद्धा नव्हे. संशयातून ती कशी सावरली याची हकीकत दिली. आपल्या मुलांनाही उद्या हेच प्रश्न पडतील आणि तेव्हा आपण जवळ नसू, हे तिने ओळखले होते.

जळलेले घर

१६६६ च्या जुलैमध्ये एका रात्री अँडोव्हरचे घर जळून खाक झाले. मुलगा सायमन याच्या नोंदीप्रमाणे वडिलांची सुमारे आठशे पुस्तके त्यात गेली. त्या काळी अरण्याच्या कडेला असलेल्या गावात आठशे पुस्तके ही केवढी संपत्ती! अ‍ॅनने पुढे लिहीत आणलेला साम्राज्यांवरील काव्याचा भागही याच आगीत नष्ट झाला. या प्रसंगावरची कविता तिने एका सुट्या कागदावर लिहिली. मुलाने तो कागद जपला आणि वहीत उतरवला. म्हणून ती आज उपलब्ध आहे.

देवाने दिले, देवाने नेले, असे म्हणून ती कवितेत प्रथम स्वतःला सावरते. पण नंतर भग्नावशेषांजवळून जाताना तिची नजर रेंगाळते. येथे पेटी होती, येथे संदूक होती, येथे बसायची जागा होती. या छपराखाली आता पाहुणा येणार नाही, जेवणाच्या मेजाभोवती जुन्या गोष्टी निघणार नाहीत. एकेक वस्तू ती नावानिशी आठवते. मग एकदम स्वतःलाच दटावते, की हे सारे मायिक आहे, खरे घर वर आहे. हे दटावणे धर्माला धरून आहे. पण त्या आधीची यादी इतकी जिव्हाळ्याची आहे, की दटावणे पुरेसे पडत नाही, आणि हे तिलाही कळत असावे. भक्ती आणि आसक्ती यांच्यातील हा झगडा तिने लपवला नाही, हीच या कवितेची थोरवी.

तिच्या नजरेला पडलेली मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. ज्या जमिनीवर हे घर उभे होते, ती अँडोव्हरची सारी भूमी १६४६ च्या व्यवहारात तेथील मूळ रहिवाशांच्या प्रमुखाकडून सहा पौंड आणि एक अंगरखा या मोबदल्यात घेतलेली होती. घर गमावण्याचे दुःख इतके सूक्ष्मपणे टिपणाऱ्या या स्त्रीच्या कवितेत, भूमी गमावलेल्या त्या माणसांना जागा मिळालेली नाही.

१६६९ च्या ऑगस्टअखेर तिने वहीत स्वतःच्या हाताने शेवटची कविता लिहिली. थकलेला यात्रिक मुक्कामाची वाट पाहतो आहे, असे तिचे रूपक आहे. त्याच वर्षी जूनमध्ये नात गेली होती. नोव्हेंबरात एक महिन्याचा नातू गेला. पुढच्या वर्षी त्यांची तरुण आईही गेली. १६ सप्टेंबर १६७२ रोजी अँडोव्हर येथे अ‍ॅन वारली. तिची कबर कोठे आहे, हे कोणीही खात्रीने दाखवू शकत नाही. पती पुढे वसाहतीचा गव्हर्नर झाला आणि १६९७ पर्यंत जगला.

अँडोव्हरचा दुसरा धागा

मराठी वाचकाला अँडोव्हर हे नाव परके वाटले, तरी महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्याचा संबंध आहे. प्युरिटनांच्याच वारसदार चर्चनी त्या गावी १८०७ मध्ये धर्मशिक्षणाचे विद्यालय स्थापन केले. तेथील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १८१० मध्ये परदेशी मिशन मंडळ निघाले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना १८१२ मध्ये सेलम येथे, म्हणजे ‘आर्बेला’ ज्या गावाला लागले होते तेथेच, दीक्षा मिळाली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्याच मिशनशी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे आयुष्य जोडले गेले. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आणि १९३६ मध्ये त्या निवर्तल्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, मुलाच्या प्रयत्नाने ते प्रसिद्ध झाले. आईची ख्रिस्ती कविता मुलाने जपण्याचा हा योग त्या धाग्याच्या दोन्ही टोकांना जुळून आला आहे.

एकच मृत्युपत्र

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. घरातील भांडीकुंडी, कापडचोपड, पैसा हे सारे पतीचे. अ‍ॅनच्या पित्याच्या आणि पतीच्या नावे जमिनी होत्या, पदे होती; तिच्या नावे मुलांना देण्यासारखे काय होते? आपल्या अनुभवाखेरीज काहीही नव्हते. तोच तिने वहीत लिहून ठेवला. ती वही म्हणजे कायद्याने न अडवलेले तिचे एकमेव मृत्युपत्र होय.

वारसांनी ते पाळले. पुढे धर्मोपदेशक झालेल्या सायमनने नक्कल केली. त्याच्या नंतरच्या पिढ्यांनी वही सांभाळली. गुलामगिरीविरुद्ध लढलेला वक्ता वेंडेल फिलिप्स आणि साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स हे तिच्याच वंशातले. १८६७ मध्ये जॉन हार्वर्ड एलिस याने चार्ल्सटाउन येथे तिचे समग्र लेखन प्रसिद्ध केले, तेव्हा वहीतील मजकूर संपूर्णपणे छापील रूपात आला. अ‍ॅनला जाऊन तेव्हा १९५ वर्षे झाली होती. आज चार महाभूते आणि चार साम्राज्ये यांवरील तिची कविता अभ्यासकांपुरती उरली आहे. सामान्य वाचक जिच्यापाशी थांबतो, ती जळलेल्या घराची कविता एका सुट्या कागदावर होती. सायमनने तो कागद टाकून दिला असता, तर इतिहासात एक दहावी काव्यदेवता राहिली असती. पण पेटी आणि संदूक आठवणारी बाई राहिली नसती.